मी पाणी परत पाठवलं

मी एक जुना सांडपाण्याचा पाइप आहे. लगेच नाक मुरडलंत ना? मुरडा खुशाल. एका घरचं धुणं, भांडी, आंघोळी आणि त्यापुढचंही सगळं मी वर्षानुवर्षं पोटातून वाहून नेलं, तेव्हा मला नाक मुरडायची सोय नव्हती. तेव्हा मित्रांनो, ऐकायचं असेल तर नीट बसून ऐका. मी इथे कोणाची माफी मागायला आलेलो नाही.

माझा जन्म भट्टीत झाला. चिकणमातीला गोल आकार देऊन मला भाजलं आणि भट्टी लालबुंद झाल्यावर तिच्यात मीठ फेकलं. त्या मिठाने माझ्या अंगावर तपकिरी चकाकी चढली. आतून इतका गुळगुळीत झालो की पाणी थांबायचं म्हणालं तरी थांबू नये. खाल्ल्या मिठाला जागायचं, हे मला वेगळं शिकवावं लागलं नाही.

१९९१ साली दिवाकर आणि आशा या नवराबायकोने नाशिकला, सातपूरच्या कामगार वसाहतीत एक छोटं घर बांधलं. दिवाकर जवळच्याच कारखान्यात फिटर होता. त्याआधी ती दोघं चाळीत राहत होती आणि सकाळी डबा हातात घेऊन रांगेत उभं राहण्याचा आशाला भारी संताप यायचा. स्वतःच्या घरात स्वतःची मोरी आणि स्वतःचा संडास, एवढंच तिने नवऱ्याकडे हट्टाने मागितलं होतं. भिमाजी गवंड्याने मला मोरीपासून फाटकापर्यंत अंगणाखालून टाकलं. "वहिनी, असा उतार दिलाय, पानी पळत जातंय का नाय बघा," तो म्हणाला. आशाने मोरीत पहिली बादली ओतली. फाटकाशी माझ्या तोंडावर वाकून बसलेला दिवाकर लहान पोरासारखा ओरडला, "आलं गं, आलं!" शेजारच्या सुलाबाई पदराआड हसल्या. सांडपाणी आल्याचा एवढा आनंद त्यांनी कधी पाहिला नव्हता. मला मात्र छाती फुगवावीशी वाटली.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. नळाला पाणी पहाटे थोडाच वेळ यायचं, म्हणून अंगणात पिण्याच्या पाण्याची जमिनीतली टाकी होती. ती आणि मी अगदी शेजारी, मध्ये हातभर माती. माझे दोन तुकडे जिथे सिमेंटने जोडले होते, तो सांधा नेमका त्या टाकीसमोर आला होता. त्याचं काही बिघडत नव्हतं. पाणी माझ्या तळातून सरळ वाहत होतं, तोवर सांध्यावर कसलाच जोर येत नव्हता.

दिवाकर मोठा देवभक्त. पहाटे पहिल्या पाळीला जाण्याआधी त्याची पूजा चुकायची नाही. कालची फुलं, दुर्वा, जळलेल्या वाती, हार असं सगळं निर्माल्य तो एका पिशवीत साठवायचा आणि रविवारी सायकलवरून गंगेवर नेऊन सोडायचा. नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात. पुढे कारखान्यात रविवारचा ओव्हरटाइम सुरू झाला. पिशव्या साठल्या, त्यांना चिलटं लागली. देवाची फुलं कचऱ्यात टाकायला त्याचा हात धजेना. मग एका सकाळी त्याने मोरीची जाळी उचलली, फुलं तळहातावर चुरली आणि तांब्याभर पाण्यासोबत माझ्या पोटात सोडून दिली.

"अहो, हे काय करताय?" आशाने विचारलं.

"अगं, मोरीतून गेलं काय न् घाटावरून गेलं काय, शेवटी गंगेलाच मिळणार," तो म्हणाला आणि त्याने मोरीला चक्क हात जोडले.

मित्रांनो, मला कोणी नमस्कार करील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. दोन दिवस मी हुरळून गेलो होतो. मग फुलं खाली बसायला लागली. हारांचे दोरे सांध्याच्या कडेला अडकले, दोऱ्यांना तेलकट वाती चिकटल्या, वातींवर दुर्वा, दुर्वांवर भांड्यांची राख. कापूस आणि दोरा काही लवकर कुजून वाहून जात नाही. महिन्यांची वर्षं झाली आणि माझ्या गळ्याशी एक बोळा धरला.

मी गप्प बसलो नाही हं! गुडगुडलो, मोरीत बुडबुडे काढले, वास वर पाठवला. आशाला कळत होतं. "पाणी हळू उतरतंय. कोणाला तरी बोलवा," ती सांगायची. दिवाकर म्हणायचा, "पुढच्या सुट्टीला बघू. कढत पाणी ओत तोवर." ती कढत पाणी ओतायची, त्याने तेल वितळायचं आणि हातभर पुढे जाऊन पुन्हा थिजायचं. वास आला की तो एक उदबत्ती जास्त लावायचा. घरातला माणूस असा खोकत असता तर त्याच्या तोंडावर उदबत्ती ओवाळली असतीत का? नाही ना? मग माझ्या बाबतीत असं का?

शेवटी मी काठोकाठ भरून राहू लागलो. संडासाचंही पाणी माझ्यातच यायचं, तेही तुंबलं. सांध्यावर जोर आला, सिमेंटला तडा गेला आणि मी मातीत झिरपू लागलो. पुढे काय असणार? टाकीची भिंत, आणि तिलाही केसाएवढी भेग.

त्यांची मुलगी तृप्ती त्या वर्षी दहावीत होती. हुशार, घरात सारखं काहीतरी पाठ करत फिरणारी. फेब्रुवारीत तिचे डोळे पिवळे झाले. कावीळ. सगळ्यांनी मिळून गुन्हेगार शोधला, तो शाळेबाहेरचा पाणीपुरीवाला. दिवाकरने त्याच्याशी जाऊन इतकं भांडण केलं की बिचाऱ्याने गाडी दुसरीकडे नेली. त्याची माफी आजवर कोणी मागितलेली नाही, हे मी मुद्दाम सांगतो.

डॉक्टरांनी सांगितलं, पाणी भरपूर पाजा आणि उकळून पाजा. "आमच्या टाकीचं आहे, स्वच्छ आहे," आशा म्हणाली. उसाचा रस, मुळा, कोणी सांगितलेलं झाडपाल्याचं औषध, सगळं झालं. आणि दर थोड्या वेळाने ती उशाशी बसून तृप्तीला टाकीतलं गार पाणी पाजायची. मोरीच्या तोंडातून मला सगळं ऐकू यायचं. पोर उलटी करायची आणि आई म्हणायची, "अजून एक घोट, माझी बाय." माझा जीव तुटत होता. पण मला ना हात, ना तोंड. माझ्याकडे काय होतं, तर फक्त पाणी.

दिवाकरने वणीच्या देवीला नवस बोलला. शुक्रवारी घरात मोठी पूजा मांडली. दुधापाण्याचा अभिषेक केला, टोपलीभर झेंडू वाहिला. सगळं मुलीसाठी! आणि पूजा होताच, आरतीच्या आधी जागा मोकळी करायची म्हणून, अभिषेकाचं पाणी आणि कालचं निर्माल्य घेऊन तो मोरीकडे आला. बाप लेकीसाठी देवाला आळवत होता आणि त्याच हातांनी तिच्या पाण्यात विष कालवत होता.

मी म्हटलं, बस झालं. आता एक थेंबही खाली नेणार नाही.

त्याने तांब्या ओतला, मी तो वर पाठवला. मागून आशाने बादली रिकामी केली, मी तीही परत दिली. काळं पाणी मोरीचा कठडा ओलांडून स्वयंपाकघरात पसरलं. आरतीला आलेल्या सुलाबाई लुगडं सावरत मागे सरल्या. पाण्यावर कुजलेला झेंडू तरंगत होता, दुर्वांचा लगदा होता आणि एक दोरा. आशाने पदर खोचला, दोरा धरला आणि ओढला. तो संपेना. दोऱ्यामागून दोरा आणि त्यात गुंतलेल्या वाती. वाती तिने स्वतः वळलेल्या होत्या, ओळखल्याच तिने.

"हे किती वर्षांचं आहे?" तिने विचारलं.

"मग इतके दिवस पाणी जात कुठे होतं?" ती म्हणाली आणि तशीच अंगणात धावली. तिने टाकीचं झाकण सरकवलं. पाणी तळाला गेलं होतं. माझ्या बाजूच्या भिंतीवरून एक काळा ओघळ खाली उतरत होता.

मागून आलेल्या दिवाकरला तिने तो ओघळ दाखवला. "अहो, ह्यातलंच पाजत होते मी तिला. माझ्या हातानं."

"देवाचं होतं ते, आशा," दिवाकर पुटपुटला. "कचऱ्यात कसं टाकायचं?"

"पोरीला पाजलेलं चाललं का देवाला?" आशा ओरडली. तिचा तसा आवाज त्या घरात मी कधी ऐकला नव्हता.

त्याच संध्याकाळी तृप्तीला दवाखान्यात दाखल केलं. चार दिवस डॉक्टर काही बोलायला तयार नव्हते. मग हळूहळू ती सावरली. मार्चची परीक्षा हुकली ती हुकलीच.

दरम्यान भिमाजीने अंगण खोदलं. टाकी उपसून, घासून, नव्याने गिलावा केला. नवा पाइप टाकीपासून लांबून, कुंपणाच्या कडेने नेला. मला बाहेर काढून तो म्हणाला, "वहिनी, ह्यो पाइपच खराब निघाला."

"त्याला काही बोलू नका, भिमाजी," आशा म्हणाली. "त्यानंच सांगितलं म्हणून कळलं."

एवढं ऐकून मी फुटलो असतो तरी चाललं असतं. पण मी धड आहे. कुंपणाशी, जास्वंदीखाली पडून आहे. निर्माल्य आता तिथेच मातीत पुरतात.

तृप्ती घरी आली त्या दुपारी दिवाकरने टाकीतलं पाणी उकळून, निववून, फुलपात्र भरून तिच्यापुढे धरलं. तिने हात पुढे केला नाही. फुलपात्राकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

"बाबा, आधी तुम्ही प्या," ती म्हणाली.

दिवाकर उभ्या उभ्या सगळं पाणी प्यायला. मग तो पुन्हा भरून आणायला आत गेला.

मित्रांनो, आपल्या लेकराने आपल्याच हातच्या पाण्याची अशी शंका घ्यावी, ही वेळ तुमच्या घरावर येऊ देऊ नका. आज मोरीत एक बादली ओता आणि उभं राहून बघा. पाणी रेंगाळलं, बुडबुडे आले, वास आला, तर सुट्टीची वाट पाहू नका. मोरीची जाळी उचला, टाकीचं झाकण उघडा आणि आत बघा. आम्ही पाइप बरंच सोसतो, पण कायमचं सोसत नाही. आणि जे परत पाठवायचं, ते तुमच्या घरात कुठवर न्यायचं हे आम्ही तुम्हाला विचारत नाही.