मधला टू

बुरुलला दुपारच्या वर्गात एक वाक्य वाचून दाखवायचं होतं, आणि ते सासूला विचारल्याशिवाय पुरं होईना.

कोचकोरच्या वाचनालयात इंग्रजी शिकवणारी चोलपोन वयाने तिच्या निम्मी. काल तिने फळ्यावर चार शब्द लिहिले: मेक, लेट, हॅव, गेट. म्हणाली, "ताई, कुणाकडून काही करवलं हे सांगायला आपल्या किरगिझमध्ये क्रियापदाला शेपूट लावलं की पुरतं. इंग्रजी चौकशी करते. जबरदस्ती केली, करू दिलं, सांगून करवलं, की गळी उतरवलं?"

बुरुलने लिहायला घेतलं: सासूने मला कॉलेज सोडायला लावलं. पण इंग्रजीत 'सासूने' आणि 'मला' यांच्या मधे येणाऱ्या क्रियापदाची जागा रिकामीच राहिली. सत्तावीस वर्षं घरात एकच शब्द चालत आला होता. ताश्तात्ती, सोडवलं. पण कसं? की आपल्यालाच सोडायचं होतं?

सासू उमसुन खिडकीशी बसून शिरदाक गालिच्यासाठी लोकरीच्या नमद्यातून शिंगांची नक्षी कापत होती.

"आपा, तुम्ही माझं कॉलेज सोडवलंत, ते कसं हो?"

कात्री थांबली. "आज काय सुचलं? मारलं होतं का तुला?"

"छे."

"कोंडलं होतं?"

"नाही. म्हणालात, पोराला दात येऊ देत, मग जा."

"आले की."

"मग म्हणालात, चालू दे."

"चालला."

"मग म्हणालात, एवढा उन्हाळा कुरणावर काढू."

म्हातारी स्वतःशीच हसली, मग हसायची थांबली. "नमदा करतात तसं केलं गं मी. ऊन पाणी घालायचं, लाटायचं. ओढाताण नाही. लोकरीला कळतसुद्धा नाही." थोड्या वेळाने तिने विचारलं, "याला आहे शब्द तुझ्या त्या इंग्रजांच्यात?"

"आहे. गेट. बाकी तिघांना लागत नाही, पण याला पुढे एक छोटा 'टू' लागतो."

"तो कशाला?"

"ते चोलपोनलाही सांगता येईना. मला वाटतं, मन वळायला वेळ लागतो ना, तेवढी जागा सोडतात."

"शहाणे आहेत." उमसुनने मांडीवरचे कपटे झटकले. "आणि जाऊ देणाऱ्याला काय म्हणतात?"

"लेट. त्याला टू नको."

"मग जा की! दोन वाजत आले. चहाचे पेले मी विसळते."

बुरुलने रिकाम्या जागेत 'गेट'चं भूतकाळी रूप लिहिलं, 'मला'च्या पुढे टू बसवला आणि बूट चढवले. ती फाटकापाशी पोचते तोच मागून हाक आली.

"अगं, माझं नाव घालू नकोस हं! 'एका सासूने' असं लिही!"