पेवातलं घोरणं

माझ्या थोरल्या जाऊबाईंना, द्वारकाबाईंना, सारवणाचं वेड होतं. भिंतीला केसाएवढी भेग दिसली की ही बाई पुढ्यातलं ताट सारून शेणात हात घालायची. मी नवी सून असताना पाठीमागे म्हणायचे, हिच्यासमोर फार वेळ बसू नका, तुम्हालाही सारवून टाकील. माझी जीभ तेव्हा फार चालायची.

सास्तूरच्या शिवारात आमचा आखाडा होता, म्हणजे शेतावरचा गोठा-कोठार. बैलांचा कोठा, त्याला लागून कडब्याची खोली आणि त्या खोलीच्या जमिनीखाली पेव. पेव म्हणजे ज्वारी साठवायचा खड्डा, वर माणूस जाईल एवढंच तोंड, खाली दोन पुरुष खोल. उतरायला भिंतीत खाचा. तोंडावर फरशी बसवायची, फरशीवर माती-शेणाचं जाड सारवण करायचं आणि वर कडब्याच्या पेंढ्या रचायच्या. निजामाची लेव्ही वसूल करायला माणसं आली की घरातली ज्वारी न्यायची, पण हे पेव त्यांना कधी सापडलं नाही. एवढं बेमालूम सारवण द्वारकाबाईंचंच. त्याबद्दल मात्र मी कधी त्यांची थट्टा केली नाही.

निजामाच्या शेवटच्या श्रावणात माझे थोरले दीर, लिंबाजीदादा, यांच्यावर वॉरंट निघालं. निजामाविरुद्ध लढणाऱ्या, सरहद्दीपलीकडं लपलेल्या लोकांना ते भाकरी पोचवायचे. भर दुपारी निजामाची माणसं शोधायला आली आणि दादा शेतातून पळाले. डोक्याला डाळिंबी फेटा, ओढ्याकडं पळताना गुराख्यानं पाहिला. ओढा ओलांडला की सोलापूरची वाट लागते. दादा पार झाले, असं सगळ्या गावानं धरलं. त्याच दिवशी सकाळी मी रिकामं पेव वाऱ्याला उघडं टाकून घरी आले होते. तिन्हीसांजेला द्वारकाबाई आखाड्यावर गेल्या, पेवावर सारवण करून, कडबा रचून परत आल्या. शोधणारे अजून शिवारात हिंडत होते, पेव त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून त्यांनी घाई केली होती.

महिन्याभरात निजाम गेला. पलीकडं गेलेले एकेक परत आले, पण दादा आले नाहीत. द्वारकाबाई रोज कुंकू आणखी ठसठशीत लावायला लागल्या. "म्या तुळजापूरच्या आईला बोललेय, नवरात्रात जोडीनं येईन," म्हणायच्या. एक नवरात्र गेलं. दुसरंही गेलं. मला त्यांचा राग यायचा, आणि कीवही.

हो, एक सांगायचं राहिलं. निजाम गेला त्याच पावसाळ्यात कडब्याच्या खोलीला वास सुटला होता. घूस मेली असेल म्हणून आम्ही ऊद जाळला.

पुढच्या वर्षी घुशीच्या बिळातून गांधीलमाश्या येऊ-जाऊ लागल्या. तांबूस, पिवळ्या पट्ट्याच्या, बोटाच्या पेराएवढ्या. बीळ पेवाच्या अंगाला जात होतं. कडबा संपत आला होता, जमीन उघडी पडली होती आणि तिच्याखालून सारखी घरघर ऐकू यायची. द्वारकाबाई दुपारी तिथं जाऊन आडव्या व्हायच्या, कान जमिनीला लावून.

"ऐक की कमल," त्या एकदा म्हणाल्या. "सगळं त्यांच्या घोरन्यावानी वाटतंय. इथं पडलं की डोळा लागतो बघ."

एवढ्या माश्यांत ती बाई निजायची आणि तिला एकही माशी चावली नाही. आमचा खिलारी बैल मात्र त्या माश्यांनीच चावून मारला. दिवाळीनंतरची ती गोष्ट. आदल्या साली धामधुमीत पीक बेताचंच आलं, ते घरातच मावलं होतं; यंदा नवी ज्वारी खळ्यावर आली होती, पेव उघडायलाच हवं होतं. जाऊबाई नको म्हणत होत्या, तरी मी गफारभाईंना बोलावलं.

गफारभाई कल्हईवाले. गांधीलमाश्या घालवायला सगळं गाव त्यांनाच बोलवायचं, कारण त्यांच्याकडं भाता होता. आदल्या साली, निजाम गेल्यावर मुसलमानांवर हल्ले होत होते तेव्हा, याच दिवसांत त्यांच्या घराला कुलूप होतं. भीतीनं बायकोला घेऊन ते कुठं कुठं राहिले, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. ते आले, दिवस कलेपर्यंत नुसते बसून राहिले. माश्या घरी परतल्याशिवाय धूर देऊन उपयोग नसतो. मग बाकीच्या भेगा त्यांनी ओल्या मातीनं लिंपल्या, एका बिळाशी भाता लावला आणि गंधक, सुकी मिरची, लिंबाचा पाला विस्तवावर टाकला.

धूर सोडण्याआधी त्यांची एक रीत होती. त्यांनी तळहातानं जमिनीवर थापा मारल्या आणि मोठ्यानं म्हणाले, "आत कोन आसंल त्यानं भाईर यावं. मागनं आमाला बोल लावू नये."

घरघर थांबली. एकाएकी, सगळीच. द्वारकाबाई दारातून दोन पावलं पुढं आल्या आणि पेवाकडं बघत उभ्या राहिल्या, पाहुणा येणार असल्यासारख्या.

"दर बारीला आसंच हुतं का?" मी हळूच विचारलं.

"न्हाय," गफारभाई म्हणाले आणि त्यांनी भाता दाबला.

खालून जो आवाज उठला, तो मला आजही नको वाटतो. जमीन पायाखाली थरथरत होती. द्वारकाबाईंनी कान झाकून घेतले. अंधार पडता पडता सगळं शांत झालं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "निजवलंत त्यांना."

सकाळी गफारभाईंनी कुदळीनं सारवण फोडलं. ढेकळं बाजूला पडली. पहार घालून त्यांनी फरशी उलटली, तर पोळं तिलाच खालून चिकटलेलं. परातीएवढं होतं. लाकूड, काडी, जे मिळेल ते चावून माशी त्याचा कागद करते, त्यामुळं पोळं मातकट असतं. हे मातकट होतं, पण मधूनच त्यात डाळिंबी पदर होते.

द्वारकाबाई खाली बसल्या. त्यांनी एक तुकडा मोडला, बोटांत चुरडला आणि नाकाशी नेला.

"ह्यो रंग म्या दिलाय," त्या म्हणाल्या. "फेट्याला. ह्या हातानं."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. जाऊबाई सारवायला आल्या त्या संध्याकाळी फरशी आधीच तोंडावर होती. मी झाकली असं त्यांना वाटलं होतं, त्यांनी झाकली असं मला. दादा ओढ्यातून मागं फिरले होते, आणि आत उतरून त्यांनी ती स्वतःच ओढून घेतली होती.

गफारभाईंनी कंदील दोरीला बांधून आत सोडला. बंद पेवात आधी दिवा, मग माणूस, हे लेकरांनाही ठाऊक असतं. अर्ध्यावर जाऊन कंदील विझला. पण विझायच्या आत त्यांनी पाहायचं ते पाहिलं होतं. त्यांनी डोक्याची टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"भाई," द्वारकाबाईंनी विचारलं. त्या रडत नव्हत्या. "म्या वर सारवत हुते. त्यांनी हाक मारली आसंल का?"

गफारभाईंच्या पायाशी सारवणाचं एक ढेकूळ उलटं पडलं होतं. त्याच्या आतल्या अंगाला डाळिंबी कापडाचं टोक रुतलं होतं. फरशीच्या फटीतून कुणीतरी खालून वर सारलेलं. वाळलेल्या सारवणात कापड रुतत नाही. मी ते पाहिलं, आणि मी पाहिलं हे गफारभाईंनी पाहिलं. त्यांनी त्यावर पाय ठेवला.

"कंदील बघितलासा न्हवं?" ते म्हणाले. "खाली पोचायच्या आत मानूस जातो. हाक मारायला सवडच घावत न्हाय, बाई. अल्लाची शपथ."

दादा पळाले त्या दिवशी पेव सकाळपासून उघडं होतं. आतली हवा चांगली होती, दिवा हवा तेवढा वेळ जळला असता. हे फक्त मला ठाऊक होतं.

"व्हय जाऊबाई," मी म्हणाले. "कळलं सुदिक नसंल त्यांना."

मग मात्र त्या रडल्या, मोकळं रडल्या, आणि मी त्यांना कुशीत घेऊन त्यांचं तोंड भिंतीकडं फिरवलं. मागं गफारभाईंनी ढेकूळ उचलून विस्तवात टाकलं.

दादांना अग्नी दिला. पेव माती भरून बुजवून टाकलं. तेराव्यानंतर द्वारकाबाई मोकळ्या कपाळानं आखाड्यावर आल्या, शेण कालवलं आणि त्या जागेवर हात फिरवू लागल्या. मी पाणी ओतत राहिले.

"कुठं भेग ऱ्हायली का गं, कमल?" त्यांनी विचारलं.

"न्हाय," मी म्हणाले.