पोटातलं गोरोचन

डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं शालिकरामला पटलं असतं, पण त्या शेवटी एक वाक्य जास्त बोलल्या.

"आणि काका, काढलेले खडे आम्ही बाटलीत घालून तुमच्या माणसांना दाखवतो."

दाखवतो म्हणाल्या. देतो म्हणाल्या नाहीत. शालिकराम खुर्चीत सावरून बसला.

रामटेकच्या बाजूला त्याची धानाची शेती. हिवाळ्यापासून जेवण झालं की उजव्या बरगडीखाली कोणी मूठ आवळावी तसं दुखायचं आणि ती कळ पाठीतून खांद्यापर्यंत चढायची. ओवा झाला, सोडा झाला, गावच्या डॉक्टरची सुई झाली. शेवटी नागपुरात नोकरी करणाऱ्या सुशीलने आईबापाला घरी आणलं आणि बापाची सोनोग्राफी केली. पित्ताच्या पिशवीत दोन खडे निघाले. बाई म्हणाल्या, पिशवीच काढून टाकू. पोटाला बारीक भोकं पाडून होतं, दोन दिवसांत घरी जाल. तोवर तेलकट खाऊ नका.

बाहेर येताच शालिकरामने लेकाला थांबवलं.

"सुशील, दोन खड्यांसाठी पुरी पिशवी काहून काढतेत गा?"

"पिशवी ठेवली तं पुन्हा खडे होतेत म्हने, बाबा."

"होऊ दे ना! मंग पुन्हा काढा. अन् ते खडे त्यायले कायले पायजे?"

"कायले म्हंजे? फेकून देत असतीन."

शालिकराम फक्त हसला. पोरगं शिकलं, पण गोरोचन काय असतं ते त्याला ठाऊक नव्हतं.

गोरोचन म्हणजे गाईच्या पित्ताच्या पिशवीत सापडणारा खडा. हळदीच्या गाठीसारखा पिवळा. शंभरातल्या एखाद्या गाईत निघतो. पूजेला लागतो, औषधाला लागतो. गांधीबागेजवळच्या एका जुन्या काष्ठौषधीच्या दुकानात शालिकरामने तो तरुणपणी पाहिला होता. दुकानदाराने तो कुलपातून काढला होता, सोनाराच्या काट्यावर तोलला होता आणि तोलताना पंखा बंद केला होता. गाय जन्मभर गवत खाते, तिच्या खड्याची ही किंमत. मग साठ वर्षं दूध, तूप, तांदूळ खाल्लेल्या माणसाच्या खड्याची किती असेल?

आता त्याला एकेक गोष्ट दिसू लागली. काउंटरवरची पोरगी इतकी गोड का बोलत होती? बाईंनी याच आठवड्यातली तारीख का नाही दिली, पुढची का दिली? गिऱ्हाईक ठरायचं असेल.

घरी त्याने हे गोपिकेला सांगितलं. ती वांगी चिरत होती. तिचा हात थांबला.

"अहो, तुमच्या पोटात सोनं असतं तं माह्या बापानं हुंडा उलटा मांगला असता."

"हास. पिशवी गेल्यावर रडशीन."

"पिशवी जाईन तं जाईन. मानूस राह्यला पायजे. दुखनं उठलं का तुमी कसे लोयता, ते मी पाह्यते. तुमाले दिसत नाई."

पण शालिकराम दवाखान्याकडे फिरकलाच नाही. तो गेला चंद्रभानकडे. चंद्रभान मूळचा रामटेककडचाच. गांधीबागेतल्या एका गल्लीत, कापडाच्या दुकानाच्या माडीवर बसायचा आणि बिना चिरफाडीचे खडे पाडून द्यायचा. शालिकरामने त्यालाही आधी पारखून घेतलं.

"खडे पडले तं ते कोनाचे?"

"कोनाचे म्हंजे? तुमचेच ना काकाजी! धुवा, पुसा, घरी ठेवा."

झालं. जो खडे मागत नाही तो खरा, हा शालिकरामचा हिशेब. बाकी त्याने काही विचारलं नाही. खडे पित्ताच्या पिशवीच्या बारक्या नळीतून बाहेर येताना अडकले तर काय, हेसुद्धा विचारलं नाही.

पाच दिवस सफरचंदाचा रस, मग एका संध्याकाळी कडू पूड, आणि झोपताना पेलाभर जैतुनाचं, म्हणजे ऑलिव्हचं तेल लिंबाच्या रसात घुसळून. गोपिकेने नाक दाबलं. सकाळपर्यंत संडासाच्या फेऱ्यांनी शालिकरामचे हाल कुत्रा खाईना. पण उजाडल्यावर पाहतो तर खरंच खडे! हिरवेगार, वाटाण्याएवढे, काही तर बोराएवढे.

"गोपिका, इकडं ये वं! मोज!"

"मी नाई मोजत. तुमचं तुमीच मोजा."

त्याने ते धुतले, स्टीलच्या डब्यात भरले, डब्याला बारकं कुलूप लावलं आणि किल्ली करदोड्याला बांधली. डबा घरात ठेवावा तर सुशील डॉक्टरीणबाईंना नेऊन दाखवायचा. म्हणून गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे, विटांच्या आडोशाला ठेवला. दवाखान्याची तारीख आली, गेली. सुशील बोलला, चिडला, शेवटी त्याने नाद सोडला.

मे महिना होता. नागपूर तव्यासारखं तापलं होतं. पण शालिकराम खुशीत होता. एका सकाळी तो एकटाच सीताबर्डीला गेला आणि महिनाभर वर्ज्य केलेले तर्री पोहे त्याने दोन प्लेटा खाल्ले, वर तेलाचा तवंग आलेली झणझणीत तर्री मागून घेतली.

दुपारी तो घरच्या फरशीवर आडवा होता. बरगडीखालची मूठ परत आली होती, आणि या वेळी ती सैल होत नव्हती. ओकारी झाली, अंग तापलं. सुशील कामावरून धावत आला. गोपिका पिशवीत कपडे भरू लागली.

"दवाखान्यात कायले?" शालिकराम कण्हला. "खडे तं निंघाले. मंग दुखते काय? डबा आन सुशील. टाकीमांगं हाय. बाईले दाखव, म्हना खडे हे पाह्य."

सुशीलने डबा आणला. हाताला चटका बसत होता, म्हणून टॉवेलात धरून आणला. शालिकरामने करदोड्याची किल्ली काढून दिली. डबा उघडला.

आत खडा एकही नव्हता. तळाला हिरवट तेल होतं, आणि त्याला आंबूस, खवट वास येत होता.

"कोनं बदलले?" शालिकराम ओरडला.

त्याने बायकोकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं. कुलूप शाबूत होतं. किल्ली आतापर्यंत त्याच्याच कमरेला होती. गच्चीवरची जागा आजपर्यंत त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हती. शंका घ्यायला माणूसच उरला नव्हता.

"उन्हात गोटा पघळते का कधी?" गोपिका हळूच म्हणाली. "जे प्याले, तेच गोळा होऊन निंघालं. उठा आता."

दवाखान्यात आधी सुई दिली. कळ जरा दबली तशी बाईंनी पुन्हा सोनोग्राफीला घेतलं. शालिकराम म्हणाला, "टीव्ही इकडं फिरवा. मले दिसू द्या."

बाईंनी पडदा फिरवला. करड्या धुक्यात एक काळी पिशवी होती आणि तिच्या तळाशी दोन पांढरे ठिपके.

"हे आहेत तसेच आहेत काका. पिशवीला सूज आली आहे, एवढंच नवीन."

शालिकराम पडद्याकडे बघत राहिला. हे दुसऱ्या कोणाचं तर नसेल? एकदा एकाचं चित्र भरून ठेवलं की तेच सगळ्यांना दाखवता येतं. त्याने न सांगता मोठा श्वास घेतला. पिशवी खाली सरकली. सोडला. वर आली. मग कोणी काही म्हणायच्या आत तो डाव्या कुशीवर वळला.

"अहो काका, हलू नका!"

पण त्याने पाहिलं होतं. तो वळला तसे ते ठिपकेही पिशवीत घरंगळले.

तो पुन्हा पाठीवर झाला. मग बाईंना म्हणाला, "पिशवी काढली तं पित्त कुठी जाईन?"

इतक्या दिवसांत स्वतःच्या पोटाबद्दल त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न.

"पित्त लिव्हरमध्ये तयार होतं. पिशवीत फक्त साठतं. पिशवी काढली की सरळ आतड्यात जाईल. थोडे दिवस जेवण सांभाळायचं. ऑपरेशन आहे, म्हणून थोडा धोका आहेच, तो मी लपवणार नाही. पण आता थांबण्यात जास्त धोका आहे."

धोका आहे, असं चंद्रभान एकदाही म्हणाला नव्हता.

"मंग करा," शालिकराम म्हणाला. "आजच करा."

"आज काय खाल्लं?"

शालिकरामने तोंड भिंतीकडे वळवलं. दाराशी उभी असलेली गोपिका म्हणाली, "सांगा ना! तर्री पोहे. दोन प्लेटा."

"मग उद्या सकाळी," बाई म्हणाल्या. त्यांनी हसू दाबलं ते त्याला दिसलं.

बाई गेल्यावर गोपिका खाटेशी आली. पदराने त्याचं कपाळ पुसलं.

"पटलं का आता?"

"बाई नाई पटली अजून," शालिकराम म्हणाला. "पन खडे माह्ये होत, ते म्या पाह्यलं." मग तिचा हात धरून, "उद्या दारापासून हालू नको वं."

"कायले? खड्यायवर नजर ठेवाले?"

"नाई," तो म्हणाला. "माह्यावर."