फुटलेल्या सिलिंडरचं बीड

एकोणीसशे चौतीसचा उन्हाळा. सोलापुरातल्या ओतशाळेत जोतीराम वाळूचा साचा थापत असताना दारात बैलगाडी थांबली. गाडीत बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, मोठाले तुकडे होते. ते कशाचे, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. गेल्या आठवड्यात गिरणीतल्या हवेच्या पंपाचं सिलिंडर फुटलं होतं आणि पंपावर काम करणारा त्याचा धाकटा भाऊ गुंडा जागीच गेला होता. अजून त्याचं तेरावंही झालं नव्हतं.

ओतशाळेचे मालक आप्पा खालमानेनं म्हणाले, "नवं सिलिंडर आपल्यालाच ओतायचंय. हे फोडून नव्या बिडात मिसळायचं. तू नको, दुसऱ्याला लावतो."

"नगं. दुसऱ्याचा घण त्याच्यावर पडाय नगं."

जोतीरामानं घण उचलला. पोलाद निदान वाकतं. बीड फुटताना कुणाला सांगत नाही. दट्ट्या घासून घासून तुकड्यांची आतली बाजू लोण्यासारखी गुळगुळीत झाली होती. गुंडाला त्या पंपाचं केवढं कौतुक! "दादा, नुसतं वारं कोंडलं तर लोखंड हलतंय की!" असं घरी येऊन सांगायचा.

दुपारी गुंडाची बायको मायाक्का आली. पदर पुढं ओढून दारातच उभी राहिली.

"भावजी, ते लोखंड पुन्ना त्या पंपात घालू नगा. तितं उद्या दुसरं कुणी हुबं ऱ्हाईल."

"लोखंडाचा काय दोष, बाई?"

"मग कुणाचा?"

जोतीरामानं घण खाली ठेवला. त्यानं आप्पांकडे शब्द टाकून पाहिला. आप्पा कळवळले, पण मुंबईहून आणखी बीड यायला अवकाश होता आणि गिरणी थांबायला तयार नव्हती.

शेवटी जोतीरामानंच ते तुकडे भट्टीत टाकले. सिलिंडर बिनखोट उतरलं. पाण्याचा दाब देऊन पाहिला, थेंब गळला नाही. लोकांनी त्याची पाठ थोपटली. त्याला ती थाप सोसवेना.

घरी जाऊन त्यानं मायाक्काला खरं ते सांगितलं. ती भांडली नाही. त्याला भाकरी वाढली आणि सकाळी माढ्याला माहेरी निघून गेली.

दिवाळीला तो लुगडं घेऊन माढ्याला गेला. "घरी चल," म्हणाला.

"न्हाय, भावजी. तितं गिरणीचा भोंगा झाला की माजा हात अजून त्यांच्या वाटचं पीठ बी घेतोय."

जोतीरामानं आग्रह केला नाही. तिनं दिलेलं पाणी प्याला आणि एकटाच ठेसनाच्या वाटेला लागला.