रिकाम्या जागेतली पळी

मी बालाघाटच्या कॉलेजात फिजिक्स शिकवतो आणि भुताखेतांच्या गोष्टी करणाऱ्यांवर मनापासून चिडतो. म्हणून अडुसष्टच्या हिवाळ्यात शेजारची सीताबाई माझ्याकडे आली, तेव्हा आधी मी तिच्यावरही चिडलोच.

तिचा नवरा पुनाराम लामत्याकडच्या एका लहानशा खाणीत कामाला होता. बोगदा बसला, बाकीचे निसटले, हा आत राहिला. खणणाऱ्यांना ठोके ऐकू येत. पण डावीकडे खणलं की ते उजवीकडून यायचे आणि उजवीकडे खणलं की मागून, जिथे नुसतं उघडं रान होतं. माणसं घाबरली. मालकाने खाणीचं तोंड बुजवायचं ठरवलं.

"माह्या पळीसारखं ठोकून राह्यले, मास्तर," ती म्हणाली. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून स्वयंपाक झाला की ती भाताच्या गंजावर पळी वाजवून त्याला बोलवायची. भिंतीपलीकडे मलाही ते रोज ऐकू येई. "कोणत्या बाजूले हायेत तेवढं सांगा. बुजवाच्या आधी मले त्यायच्यापाशी जायचं हाये."

मी वैतागून कागदावर एक गोल काढला. "समजा, यात एक मुंगी आहे. तिला फक्त कागद ठाऊक, वर ही बाजूच ठाऊक नाही. आपल्यालाही न दिसणारी अशी एखादी बाजू असेल, असं मांडणारे लोक आहेत." मग मला शिकवायची हौस आवरेना. "रिकाम्या जागेतही जोर असतो, बाई. गणिताने काढला तर इतका निघतो की सगळे तारे कधीच फेकले गेले असते. मोजायला जावं तर जवळजवळ काहीच नाही. बाकीचा कुठे जातो, कोणालाच माहीत नाही. जात असेल त्याच बाजूला."

"तिकडे जाता येते?"

"नाही. अगदी अंगाला लागून असली तरी नाही."

"लागून हाये?" तिचा चेहराच बदलला. उठताना म्हणाली, "एक दिवस जेवाले या, मास्तर. एकटेच राह्यता." मी "येईन" म्हटलं आणि तिला वाटेला लावलं.

खाणीचं तोंड बुजवलं त्या दुपारी तिच्या घरात पळी वाजू लागली. बराच वेळ वाजत राहिली. मग तशाच आवाजात उत्तर आलं, आणि दोन्ही आवाज थांबले.

दाराला आतून कडी होती. गल्लीतल्या महागूने दार फोडलं. चूल पेटलेली, छपराचे कवेलू जागच्या जागी. भाताचा गंज नव्हता, पळी नव्हती, सीताबाई नव्हती. लोक विहिरी आणि नाले धुंडाळत राहिले.

त्याला वर्ष झालं. ते घर अजून रिकामंच आहे.

आज सुट्टी, खानावळ बंद. दुपारी टेबलाशी पेपर तपासत बसलो होतो. माझ्या कोपराजवळ, जिथे काहीच नाही तिथे, गंजावर पळी वाजली. ताज्या भाताचा वास आला. हाताला वाफ लागली.

पळी थांबत नाही. मला भीती वाटते आहे. पण येईन असं मी म्हटलं होतं, आणि सकाळपासून पोटात काही नाही.

उठून मी दाराला आतून कडी घातली.