शेळीचं अर्धं तिकीट

त्या वर्षांत सरकार आमच्या वाडीतून एकेक सामान हलवून राहिलं होतं, भाडेकरूनं खोली रिकामी करावी तसं. आधी रेशनची साखर गेली. मग दवाखान्यातली नर्सबाई गेली. खुर्ची तेवढी राहिली, तर काही म्हातारे बरेच दिवस खुर्चीलाच ताप दाखवून येत होते. मग एका दुपारी सर्वे झाला आणि संध्याकाळपर्यंत निम्मी वाडी गरिबीतून बाहेर पडली. ज्यांची गरिबी गेली त्यांना पत्तासुद्धा लागला न्हाई.

उरली एक एस.टी. सकाळी हिंगोलीला जायची, संध्याकाळी परत यायची. दोन हजार एकच्या दिवाळीनंतर कंडक्टर शिवहारनं निरोप आणला की गाडीला उत्पन्न न्हाई. साहेब येऊन बघणार आणि बंद करणार.

उत्पन्न येणार कुठून? मजुरी होती तिथंच होती, तिकीट मात्र वर चढलं होतं. माणसं जवळच्या बाजाराला चालतच जायची. गाडीत रोज बसायची एकटी राणी, वाडीतल्या रुक्माबाईची नात. हिंगोलीत बारावीला होती. तिला मुलींचा फुकट पास. म्हणजे गाडी जिला खरी लागत होती, तिचं उत्पन्न शून्य. गाडी गेली की राणीची बारावीही गेली.

समाजमंदिरात बैठक झाली. गणपतीची आणि जयंतीची वर्गणी एकत्र करून तिकिटं काढायची ठरली. पण रोज रिकामं फिरायला माणूस कुठून आणायचा? तवा शेळ्या राखणारा नामाजी उठला.

“माणसाला पुरं तिकीट, शेळीला अर्धं. आन शेळीचा मजुरीचा खाडा पडत न्हाई.”

हिशेब सगळ्यांना पटला. दुसऱ्या दिवसापासून नामाजीच्या शेळ्या हिंगोलीला जाऊन येऊ लागल्या. संध्याकाळी शिवहारनं विचारलं, एकपण काहून विकली न्हाई?

“त्यांला गिऱ्हाईक पसंत पडलं न्हाई,” नामाजी म्हणाला.

आठवड्यात शेळ्यांच्या जागा ठरून गेल्या. काळीला खिडकीच लागायची. राणी मधल्या वाटेत उभी राहून रसायनशास्त्र पाठ करायची. एकदा काळीनं तिच्या पुस्तकातलं मूलद्रव्यांचं पान खाल्लं. तवापासून राणीला ते पान तोंडपाठ ठेवावं लागलं.

एका सकाळी शिरड शहापूरला साहेब चढले आणि दारातच थांबले. सगळी बाकं भरलेली. मधे राणी उभी.

“ही मुलगी उभी का?”

“तिचा फुकट पास हाय साहेब,” शिवहार म्हणाला. “बाकीच्यांनी तिकिटं काढलीत.”

साहेबांनी तिकिटं तपासली. बराबर निघाली. मग ते काळीला उठवायला वाकले. शिवहारनं अदबीनं विचारलं, “तुमचं तिकीट, साहेब?”

साहेबांचाही पास फुकटच होता.

हिंगोलीपर्यंत दोघं उभे. वेळ जावा म्हणून साहेबांनी राणीला मूलद्रव्यं विचारली. तिनं हायड्रोजनपासून जी सुरुवात केली ती थांबेचना. चुकली की काळी ओरडायची, असं शिवहार आजही शपथेवर सांगतो. हिंगोलीत उतरेपर्यंत साहेबांचं हसून हसून पोट दुखायला लागलं होतं. त्यांनी अहवालात लिहिलं: गाडी पूर्ण भरून जाते, प्रवाशांना उभं राहावं लागतं, आणखी एक सोडावी.

पुढच्या सोमवारी दुसरी गाडी आली. इतक्या वर्षांत सरकारनं वाडीत पहिल्यांदाच काहीतरी वाढवलं होतं. तिच्यात राणी खिडकीशी पाय पसरून बसली, आणि तिच्या शेजारी नामाजी. तो हिंगोलीच्या बाजाराला निघाला होता, आणखी शेळ्या विकत घ्यायला.