तीन टोल्यांआधी

मी या उपनगरी स्टेशनाची पितळी घंटा बोलतेय. पहिल्या फलाटावर, तिकीट खिडकीशेजारी काचेच्या पेटीत बसवलीय ना, तीच. माझ्याखालच्या पाटीवर माझं वय लिहिलंय, वजनही लिहिलंय. असं चारचौघांत लिहू नये, पण मला विचारतो कोण!

मी इथे आले तेव्हा स्टेशन म्हणजे एक फलाट, पत्र्याचं छप्पर आणि मास्तरांची खोली. भोवती वीटभट्ट्या आणि माळरान. शहरातले लोक हसायचे, म्हणायचे, इथे गाडीत चढणार कोण, विटा? मग कामगारांची घरं झाली, कारकुनांची झाली, शाळा आली, दवाखाना आला. दुसरा फलाट झाला आणि दोन्ही जोडणारा लाकडी पूल झाला. घरोघरी घड्याळं नव्हती, त्यामुळे अख्खी वस्ती माझ्या आवाजावर डबे भरायची.

मागच्या स्टेशनातून गाडी निघाली की दोन टोले. इथून सुटायची वेळ झाली की तीन. तिसरा टोला पडला की गार्ड झेंडा दाखवायचा, आणि मग कुणीही आलं तरी गाडी थांबायची नाही.

माझी दोरी बरीच वर्षं एकाच माणसाच्या हातात होती. त्याला सगळे घंटावाला म्हणत. माणूस उंच, बोलायला कमी, आणि नियमाला पक्का. पण त्याची एक खोड होती. तीन टोल्यांआधी तो पुलाच्या जिन्याकडे एकदा बघायचा. कुणी धावत येताना दिसलं की खाली वाकायचा आणि बुटाची नाडी बांधत बसायचा. मास्तर तेवढ्यात कागदात डोकं खुपसायचे. येणारा डब्यात चढला की नाडी बरोबर बांधून व्हायची. त्या नाडीने किती जणांच्या नोकऱ्या वाचवल्या, याची गणतीच नाही.

त्याला एकच मुलगी. आई लहानपणीच गेलेली, बापानेच वाढवलेली. तिला नर्स व्हायचं होतं. शहरातल्या मोठ्या इस्पितळात वर्षातून एकदा परीक्षा व्हायची, आणि वयाच्या अटीमुळे तिला ती एकदाच देता येणार होती. त्या सकाळी ती घरून वेळेवर निघाली, पण शाळेचा दाखला विसरला म्हणून अर्ध्या वाटेवरून परत गेली.

गाडी उभी होती. घंटावाल्याने जिन्याकडे बघितलं. ती वरच्या पायरीवर होती, छातीशी कागद धरून धावत होती. त्याने तिला बघितलं. मी शपथेवर सांगते, नीट बघितलं. तो वाकायला लागला, आणि मध्येच थांबला. फलाटावरचे चार ओळखीचे लोक त्याच्याकडेच बघत होते. परक्यासाठी वाकलं तर ती माणुसकी, पोटच्या पोरीसाठी वाकलं तर वशिला, असं काहीसं त्याच्या मनात आलं असावं. तो ताठ उभा राहिला आणि त्याने मला तीनदा वाजवलं. इतक्या जोरात त्याने मला कधीच वाजवलं नव्हतं.

ती खाली पोचली तेव्हा शेवटचा डबा फलाट सोडत होता. पुढची गाडी दीड तासाने होती.

"बाबा, मी जिन्यावर होते," ती धापा टाकत म्हणाली.

"इंजिनाचा धूर होता गं," तो माझ्याकडे बघत म्हणाला. "दिसलीच नाहीस."

तिने डोळे पुसले. "असू दे. मीच विसरले ना दाखला," म्हणाली, आणि त्यालाच पाणी आणून दिलं. पुढे ती शिंप्याच्या दुकानात काज-बटणं करू लागली. तिथेच तिचे केस पांढरे झाले.

त्यानंतर तो सगळ्यांसाठीच वाकू लागला, अगदी पुलाच्या पलीकडे असलेल्यांसाठीही. गाड्यांना उशीर व्हायला लागला, तक्रारी गेल्या, आणि त्याला माझ्यावरून काढून सामानाच्या हातगाडीवर घातलं. तरी रोज फडक्याने मला पुसायला यायचा. "सांगू का गं तिला?" असं विचारायचा. आज सांगतो, उद्या सांगतो, असं करता करता एक दिवस तोच गेला.

पुढे ध्वनिक्षेपक आले. माझं काम संपलं, मग स्टेशनाचा वारसा म्हणून मला पेटीत ठेवलं. त्याआधी येणारे-जाणारे उगाच वाजवायचे म्हणून माझा लोलकही काढून घेतला होता.

गेल्या महिन्यात घंटावाल्याची मुलगी आली, नातीचा हात धरून. काचेवर तळवा ठेवून बराच वेळ उभी राहिली.

"आजी, पणजोबांनी तुझी गाडी का नाही थांबवली?" नातीने विचारलं.

"धूर होता बाळा. त्यांना मी दिसलेच नाही," ती म्हणाली. "दिसले असते तर थांबवलीच असती. सगळ्या वस्तीसाठी थांबवायचे ते, माझ्यासाठी नसते थांबले?"

मला रडू येत नाही, नाहीतर त्या दिवशी आवरलं नसतं. तिला खरं कळायला हवं, असं कधी वाटतं. मग वाटतं, बापाचं म्हणून तिच्याजवळ एवढंच उरलंय. तेही काढून घेऊन तिला काय देणार?

आता तुम्हालाही ते ठाऊक झालं. ती अधूनमधून येते. जाड भिंगांचा चष्मा आहे, बोटं सुईने खरबरीत झालीत. ओळखलीत तर बाकावर सरकून तिला जागा द्या. धुराचं मात्र काही बोलू नका.